आवड कीं संवय?

संगणकासारख्या विषयावर बोलण्याचा अधिकार माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त शाळामास्तराला कोठून आला, असा प्रश्न आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत उभा राहील. त्याचें उत्तर मी आरंभींच देऊन ठेवतों. तो अधिकार मला विद्येनें दिलेला नाहीं. घरांतील एका भांडणानें दिला आहे. २०२५ सालच्या दिवाळींत, ऐन भाऊबीजेच्या दिवशीं, पानावर बसलेल्या माझ्या मुलांनातवंडांत जो वाद पेटला तो जमिनीच्या वाटणीवरून नव्हता, कीं राजकारणावरूनहि नव्हता. म्हाताऱ्याच्या संगणकावर यापुढें कोणती कार्यप्रणाली असावी, हा त्या वादाचा विषय होता.

प्रसंग असा झाला. माझा संगणक मीं २०१६ सालीं, निवृत्तीच्या वेळीं घेतला. त्यावर विंडोज दहा ही कार्यप्रणाली होती. तिला सुरक्षेच्या नित्य दुरुस्त्या पुरविण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. नांव नोंदविणारांस आणखी एका वर्षाची सवलत ठेवलेली होती. पण वर्षभराच्या सवलतीनें प्रश्न पुढें ढकलला जातो, सुटत नाहीं. पुढची आवृत्ति विंडोज अकरा ही; तिच्यासाठीं ज्या अटी घातल्या आहेत त्यांत माझें यंत्र वयामुळें बसत नव्हतें. यंत्र तर ठणठणीत. मी स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षीं नियमानें निवृत्त झालेला मनुष्य असल्यामुळें, प्रकृति चांगली असतांनाहि मुदत संपते, ह्या गोष्टीचें मला फारसें नवल वाटलें नाहीं. परंतु पुढें काय करावें, हा प्रश्न उभा राहिलाच.

चिरंजीव पुण्यास असतो व मॅकवर काम करतो. तो म्हणाला, "बाबा, माझा जुना मॅक मी तुम्हांला देतों. एकदां वापरून पाहा, मग दुसऱ्या कशाकडे बघणार नाहीं." कन्या सांगलीस एका करसल्लागाराच्या कचेरींत आहे. ती लगेच म्हणाली, "दादा, बाबांचा हात विंडोजवर बसला आहे. त्यांना नवा विंडोजचाच संगणक घेऊन दे. ह्या वयांत त्यांना पुन्हां मुळाक्षरें कशाला गिरवायला लावतोस?" आणि नातू, जो अकरावींत होता, तो तोंडांतला लाडवाचा घांस कसाबसा गिळून म्हणाला, "आजोबांच्या यंत्राला कांहीं झालेलें नाहीं. त्यावर लिनक्स घालूं. एक पैसाहि पडणार नाहीं." एवढें बोलावयाचा अवकाश, कीं त्याचे वडील व आत्या आपसांतला वाद विसरून दोघेंहि त्याच्यावर तुटून पडलीं. भात निवाला, वरण निवालें. वाद मात्र निवेना.

ज्यांना कार्यप्रणाली म्हणजे काय हें ठाऊक आहे, त्यांनीं दोन मिनिटें मला क्षमा करावी. इतरांसाठीं मी शाळेचाच दृष्टांत घेतों. शाळेंत वर्ग पंधरा, शिक्षक बारा, नकाशे चार आणि प्रयोगशाळा एक, अशी स्थिति असते. कोणत्या तासाला कोणता वर्ग कोठें बसेल, नकाशा कोणाला किती वेळ मिळेल, कपाटाची किल्ली कोणाच्या हातीं द्यावयाची, हें ठरविणारी कचेरी नसेल तर दहा मिनिटांत शाळेचा बाजार होतो. संगणकांतहि तसेंच आहे. गणित करणारीं केंद्रें थोडीं, स्मरणाची जागा मर्यादित, छपाईचें यंत्र एक आणि कामें शेंकडों. प्रत्येक कामाला क्षणाचा एकेक तुकडा वांटून देणारी, एकाची पाळी संपतांच दुसऱ्यास बसविणारी, एकाचा हात दुसऱ्याच्या दप्तरांत जाणार नाहीं ह्याची काळजी घेणारी जी कचेरी, तिलाच कार्यप्रणाली म्हणावयाचें. आपण पत्र लिहितों तें लेखनाच्या कार्यक्रमांत. पण त्या कार्यक्रमाला कागद, शाई आणि बसावयास जागा देणारी ही कचेरी असते.

आतां, ज्या कचेरीचें अस्तित्व कोणाला जाणवतहि नाहीं ती उत्तम कचेरी, असें आम्ही शाळेंत मानीत असूं. मग माणसें तिच्यावरून इतकीं कां भांडतात? भाऊबीजेनंतर आठपंधरा दिवस मीं ह्या प्रश्नाचा छडा लावावयाचें ठरविलें. पुस्तकें चाळलीं, मुलाचा मॅक चार दिवस ठेवून घेतला, मुलीच्या विंडोज अकरावर दोन दिवस काम केलें आणि नातवाच्या लिनक्सपुढें शिष्य होऊन बसलों.

प्रथम मीं वंशावळ पाहिली, आणि मला असें आढळून आलें कीं हें शत्रुत्व नसून भाऊबंदकी आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्या दोघांनीं युनिक्स नांवाच्या प्रणालीचा पाया घातला. पुढें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत, पडद्यावर चौकटी उघडाव्या आणि हातांतील माउसनें चित्रावर बोट ठेवल्याप्रमाणें काम करावें, ही कल्पना १९७० नंतरच्या दशकांत आकारास आली. ॲपल कंपनीनें तिच्यापासून बोध घेऊन जानेवारी १९८४ मध्यें मॅकिंटॉश बाजारांत आणला. नोव्हेंबर १९८५ मध्यें मायक्रोसॉफ्टनें विंडोजची पहिली आवृत्ति काढली. आमच्या पडद्याचें रूप ह्यांनीं उचललें, असा दावा ॲपलनें १९८८ सालीं मायक्रोसॉफ्टवर लावला, आणि १९९४ सालीं अपिलांतहि ॲपलच्या पदरीं अपयश आलें. बांधावरून कोर्टांत गेलेल्या चुलतभावांची गोष्ट आपल्याकडील कोणत्या गांवीं घडलेली नाहीं?

तिसरी शाखा अगदींच निराळ्या रीतीनें जन्मास आली. ऑगस्ट १९९१ मध्यें हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, मी केवळ छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहें, असें आपल्या समानधर्मी मंडळींस कळविलें. त्यापूर्वींच, १९८३ सालीं, अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं ग्नू नांवाचा उपक्रम जाहीर केला होता. प्रत्येकास कार्यक्रमाची मूळ संहिता पाहतां यावी, ती बदलतां यावी आणि शेजाऱ्यास देतां यावी, असा त्यांचा आग्रह होता. टॉरवाल्ड्सचा गाभा आणि ह्या उपक्रमाचीं उपकरणें एकत्र आलीं, आणि ज्यास आज आपण लिनक्स म्हणतों तें उभें राहिलें.

पुढें गंमत अशी झाली कीं मॅकची २००१ सालची नवी आवृत्ति युनिक्सच्याच वंशांतील पायावर उभारण्यांत आली. लिनक्स हें तर युनिक्सच्याच वळणावर घडविलेलें. म्हणजे हे दोघे चुलतभाऊ ठरले. २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजच्याच पोटांत लिनक्सचे कार्यक्रम चालविण्याची सोय करून दिली. आणि लिनक्स म्हणजे पोरांचा खेळ, असें म्हणणाऱ्या माझ्या कन्येच्या हातांतील मोबाइलमध्यें जी ॲण्ड्रॉइड प्रणाली आहे, तिचा गाभा लिनक्सचाच आहे. हें मीं तिला सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "असेल, पण मला तें दिसत नाहीं ना!" तिचें हें उत्तर मला पुष्कळ अर्थपूर्ण वाटलें.

वंशावळ बाजूस ठेवून मीं तिघांचे गुण पाहिले. विंडोजचा मोठा गुण असा कीं तो एकटा पडत नाहीं. साताऱ्यांतल्या कोणत्याहि गल्लींत त्याची नाडी जाणणारा मनुष्य भेटतो. हिशेबाचा कार्यक्रम, डिजिटल सहीचें उपकरण, कोणत्याहि दुकानांतून आणलेला प्रिंटर, हीं सर्व त्याच्याशीं ओळख ठेवून असतात. शिवाय पंधरावीस वर्षांपूर्वींचे पुष्कळसे कार्यक्रमहि तो निमूटपणें चालवितो. जुन्या माणसांस सांभाळून घेणाऱ्या घराप्रमाणें. मॅकचा गुण एकसूत्रीपणाचा. तेथें यंत्र आणि प्रणाली एकाच हातचीं असल्यामुळें कुरकुर कमी. झांकण लावलें कीं तो झोंपतो, उघडलें कीं जागा होतो. आणि पडद्यावरील अक्षर इतकें स्वच्छ, कीं माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनीं त्याला दुवा दिला. मात्र त्याची किंमत मोठी, आणि यंत्र बिघडल्यास कोपऱ्यावरच्या कारागिराच्या हातीं फारसें राहत नाहीं. लिनक्सचा गुण मोकळेपणाचा. फुकट मिळतें हें तर खरेंच. पण जुन्या, दमलेल्या यंत्रांतहि तें हुरूप आणतें, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें. दोष असा कीं त्याचे पंथ शेंकडों. प्रत्येक पंथाचा अभिमानी आपलाच गुरु खरा म्हणून सांगतो. आमच्या घरचें छपाईयंत्र त्यानें पहिल्या क्षणीं ओळखलें, परंतु त्याच यंत्राचा कागद टिपून घेणारा भाग चालू होण्यास नातवाच्या दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. ज्याच्या घरीं असा नातू नाहीं त्यानें हें लक्षांत ठेवावें.

इतकें पाहूनहि माझ्या ध्यानांत एक गोष्ट आली. भाऊबीजेच्या पानावर ह्या गुणदोषांपैकीं एकाचाहि उच्चार झाला नव्हता. मुलगा म्हणत होता, "मॅक कसा सरळ आहे!" मुलगी म्हणत होती, "विंडोज कसा सरळ आहे!" आणि नातू म्हणत होता, "सरळ तर लिनक्सच!" ज्याचा हात ज्यावर पहिल्यानें बसला, तें त्याला सरळ वाटत होतें. मीं २००३ सालीं शिक्षकांसाठीं सक्तीचा असलेला संगणकाचा वर्ग केला तो विंडोजवर. तेव्हांपासून चौकट मिटावयाची झाली कीं माझा हात आपोआप उजव्या कोपऱ्यांतील फुलीकडे जातो. मॅकवर तें बटन डाव्या कोपऱ्यांत, लाल टिकलीसारखें असतें. आणि तें दाबलें तरी चौकट मिटते, कार्यक्रम बहुधा आंत चालूच राहतो. पहिल्या दिवशीं मी चिडून म्हणालों, "हा काय वेडेपणा!" पण वेडेपणा कोणाचा? उजव्या कोपऱ्यांत फुली असावी, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? लिनक्सवर रोमन लिपींतील मोठें अक्षर आणि लहान अक्षर हीं भिन्न मानलीं जातात, म्हणून एकाच नांवाच्या दोन फायली होऊन माझा गोंधळ उडाला. तेथेंहि मी आधीं रागावलों आणि मागाहून मनांत म्हटलें, चाळीस वर्षें मुलांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढणाऱ्या मास्तरानें ह्या शिस्तीवर रागवावें, हें कांहीं शोभत नाहीं.

ह्या निमित्तानें मला माझे आजोबा आठवले. त्यांचें सारें लेखन मोडींत होतें. बाळबोध लिपि त्यांना येत होती, पण आवडत नसे. "अक्षरागणिक हात उचलायचा, हें काय लिहिणें झालें?" असें ते म्हणत. त्यांच्या दृष्टीनें मोडी सरळ होती आणि आमची देवनागरी वांकडी. आम्ही त्यांना हंसत असूं. आज त्यांच्या हातचे कागद एका लोखंडी पेटींत आहेत, आणि घरांतील एकाहि माणसाला त्यांतली एक ओळ वाचतां येत नाहीं. लिपीची आवड त्यांची त्यांच्यापाशीं. पण त्या लिपींत जें लिहिलें तें आमचेंहि होतें, आणि तें आम्हांला मुकलें.

श्रोतेहो, येथवरचें भाषण एखाद्या गमतीच्या विषयावरचें होतें असें आपणांस वाटलें असेल. मलाहि तसेंच वाटत होतें. पण माझ्या यंत्रावर लिनक्स घालण्यापूर्वीं त्यांतील सर्व लेखन आधीं सुरक्षित जागीं काढून ठेवावें, म्हणून नातू तें आपल्या यंत्रावर उतरवून घेऊं लागला, आणि मध्येंच थांबून म्हणाला, "आजोबा, हें काय लिहून ठेवलें आहे तुम्ही?" मीं वांकून पाहिलें. पडद्यावर रोमन अक्षरें, कंस, टिंबें, चिन्हें ह्यांचा नुसता खच पडला होता. देवनागरीचें एक अक्षर दिसेल तर शपथ! फायलीचें नांव मात्र मीं ओळखलें. त्या माझ्या पत्नीच्या ओव्या होत्या.

तिचें माहेर कृष्णाकांठच्या एका खेड्यांतलें. तिची आई आणि चुलती जात्यावर बसून ज्या ओव्या म्हणत, त्या तिनें लग्नानंतरच्या कित्येक माहेरपणांत एका शंभरपानी वहींत उतरवून घेतल्या होत्या. २००४ सालच्या मे महिन्यांत आम्हीं त्या संगणकावर घेतल्या. ती वाचीत असे आणि मी टंकलेखन करीत असें. एखादा 'गं' राहिला तर ती मला पुन्हां मागें नेई. तो 'गं' नसेल तर दळतांना हात अडतो, असें ती म्हणे. एकंदर ३१२ ओव्या झाल्या. २०१३ सालीं ती गेली. २०१९ च्या पावसाळ्यांत भिंतीला ओल आली आणि वाळवीनें ती वहीहि खाल्ली. मला त्या वेळीं वाईट वाटलें, पण ओव्या संगणकांत आहेत, ह्या समाधानानें मी स्वस्थ राहिलों होतों.

दोष कार्यप्रणालीचा नव्हता. मीं त्या काळच्या रिवाजाप्रमाणें एका विशिष्ट फॉण्टांत टंकलेखन केलें होतें. अशा फॉण्टांची युक्ति बहुरूप्यासारखी असते. संगणकाच्या पोटांत रोमन अक्षरेंच सांठविलेलीं असतात. फॉण्ट त्यांच्या अंगावर देवनागरीचा अंगरखा चढवितो. तो फॉण्ट जेथें आहे तेथें 'क' दिसतो. जेथें नाहीं तेथें अंगरखा गळून पडतो आणि आंतलें रोमन अक्षर उघडें पडतें. जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर येतांना मीं तो फॉण्ट बरोबर आणला होता, म्हणूनच इतकीं वर्षें मला कांहीं कळलें नव्हतें. आतांहि तो उतरवून घेतला असता तर अक्षरें दिसलीं असतीं. पण नातू म्हणाला, "आत्याला मोबाइलवर पाठवलें तर तिला हाच खच दिसेल. आणि 'जातें' हा शब्द किती ओव्यांत आला आहे हें शोधायला सांगितलें, तर यंत्राला तो शब्द ठाऊकच नाहीं."

तेव्हां मला भाऊबीजेच्या वादाचें खरें स्वरूप कळलें. त्या दिवशीं मुलगा जिंकला असता, मुलगी जिंकली असती, कीं नातू जिंकला असता, तरी तिच्या ओव्या बुडण्याच्या वाटेवरच होत्या. नव्या विंडोजवरहि त्या अशाच दिसल्या असत्या. आम्हीं सर्वांनीं मिळून घराच्या रंगावरून भांडण केलें, आणि माजघरांतली पेटी वाळवी खात होती इकडे कोणाचें लक्ष नव्हतें.

उपाय मात्र होता. जगांतील बहुतेक लिपींच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक कायमचा क्रमांक देणारी युनिकोड नांवाची व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालची, आणि देवनागरी तिच्यांत आरंभापासून आहे. तिच्यांत 'क' चा क्रमांक २३२५, 'ख' चा २३२६, 'ग' चा २३२७. आपल्या मुळाक्षरांच्याच क्रमानें. विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो कीं मोबाइल असो, २३२५ म्हणजे 'क' च. आजोबांच्या मोडीलाहि २०१४ सालीं ह्या व्यवस्थेंत जागा मिळाली आहे. देवनागरीची ही सोय २००४ सालीं उपलब्ध होती. मला ठाऊक नव्हतें, एवढाच माझा अपराध.

मग आम्हीं आजानातवांनीं एक कोष्टक मांडलें. कोणत्या रोमन खुणेच्या अंगावर कोणतें देवनागरी रूप होतें, तें मी माझ्या जुन्या यंत्रावर पाहून सांगे आणि नातू लिहून घेई. त्यावरून त्यानें एक छोटा कार्यक्रम रचला. पहिल्या प्रयत्नांत सर्व वेलांट्या घसरल्या. कारण जुन्या फॉण्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते त्याप्रमाणें अक्षराच्या आधीं टंकली जाते. युनिकोडांत ती उच्चाराप्रमाणें अक्षराच्या मागून येते. रफाराचें ह्याच्या उलट. तें सुधारल्यावर एक खास मराठी अडचण निघाली. आपल्याकडे 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या. यंत्रानें सरसकट सर्वांना रफार देऊन टाकला, आणि एका ओवींत सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला! नातवाच्या तें ध्यानांत आलें नाहीं, मास्तरानें पकडलें. त्या दिवशीं आपलें शिक्षण अगदींच वायां गेलें नाहीं, असें मला वाटलें. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रात्रीं ३१२ वी ओवी तपासून झाली. तिचा 'गं' जागेवर होता.

आम्हीं ती फाईल पुण्यास धाडली. मुलानें ती मॅकवर उघडली. सांगलीस धाडली, मुलीनें ती मोबाइलवर उघडली. माझ्या यंत्रावर तोंवर लिनक्स आलें होतें. तेथेंहि तींच अक्षरें. तासाभरानें कन्येचा फोन आला. पुष्कळ वेळ ती बोलेना. मग म्हणाली, "बाबा, ह्यांतली एक ओवी आई मला थोपटतांना म्हणायची. मला वाटत होतें, ती मला स्वप्नांत ऐकूं येते." त्यावर मी काय बोलणार? मीं तिला जेवलीस का म्हणून विचारलें आणि फोन ठेवला.

म्हणून आजच्या भाषणाचें तात्पर्य मी दोन भागांत सांगतों. कोणती कार्यप्रणाली चांगली, हा प्रश्न बहुतांशीं आवडीचा आहे, आणि आवड ही बहुतांशीं संवयीची कन्या आहे. आणि संवय तर ह्या वयांतहि बदलतां येते. तिन्ही प्रणालींवर मराठीसाठीं इन्स्क्रिप्ट नांवाचा कळफलक मिळतो. त्यांत स्वर डाव्या हाताशीं आणि व्यंजनें उजव्या हाताशीं अशी सुरेख मांडणी आहे. 'क' ची जी कळ, तिलाच शिफ्टची जोड दिली कीं 'ख'. माझा हात जुन्या फॉण्टाच्या कळफलकावर बसलेला होता. रोज अर्धा तास गिरवून पंधरा दिवसांत हा नवा कळफलक बसला, आणि आतां कोणाच्याहि यंत्रापुढें बसलों तरी माझीं बोटें चुकत नाहींत. तेव्हां ज्याला जें रुचतें तें त्यानें सुखानें वापरावें. त्यापायीं भाऊबीजेचें वरण निवूं देऊं नये.

दुसरा भाग मात्र आवडीचा नाहीं. आपण जें लिहितों, तें ती प्रणाली सोडल्यावर आपल्याबरोबर बाहेर येतें कीं नाहीं, हा हक्काचा आणि कर्तव्याचा प्रश्न आहे. मनुष्य भाड्याच्या घरांत कितीहि वर्षें राहिला तरी सामान त्याचें असतें. दार मात्र इतकें रुंद हवें कीं जातांना पेटी बाहेर निघावी. म्हणून तीन गोष्टी करा. मराठी लिहावयाचें तें युनिकोडांतच लिहा. जुन्या फॉण्टांतील लेखन घरांत असेल तर तें यंत्र आणि तो फॉण्ट चालू आहे तोंवरच रूपांतर करून घ्या; आणि रूपांतर झाल्यावर तें माणसाच्या डोळ्यांनीं तपासा, कारण दरी आणि दर्या ह्यांतला भेद यंत्राला सांगावा लागतो. आणि प्रत्येक महत्त्वाच्या लेखनाची एक प्रत अशा उघड्या स्वरूपांत ठेवा कीं ती कोणत्याहि प्रणालीवर उघडावी. लिबर ऑफिससारखा लेखनाचा कार्यक्रम तिन्ही प्रणालींवर विनामूल्य मिळतो, आणि तो ज्या स्वरूपांत लेखन सांठवितो, तें २००६ सालापासून आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य आहे.

शेवटीं, माझी स्वतःची आवड कोणती, असें आपण विचाराल. ती लपविण्याचें कारण नाहीं. मी लिनक्सवर राहिलों आहें. माझें जुनें यंत्र त्यानें पुन्हां कामास लावलें, हें एक कारण. त्याच्याहि आवृत्तींच्या मुदती संपतात. परंतु पुढची आवृत्ति विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्राला ती सहसा नाकारीत नाहीं, हें दुसरें. तिसरें कारण खरें सांगावयाचें तर शास्त्रीय नाहीं. माझा सोळा वर्षांचा नातू दर रविवारीं पुण्याहून फोन करून विचारतो, "आजोबा, यंत्र ठीक चाललें आहे ना?" विंडोजवर असतों तर तो कदाचित् इतक्या अगत्यानें विचारता ना. पाहा, म्हणजे माझीहि आवड गुणदोषांवरून ठरलेली नाहींच! आपली आवडहि अशीच कोठून तरी आली असेल. ती आपणांस लखलाभ असो. मात्र आज रात्रीं झोंपण्यापूर्वीं आपली एखादी जुनी फाईल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडून पाहा, एवढीच माझी विनंति आहे.